अनपेक्षित विजय आणि बातमीतली जागा

दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाने किंवा खेळाडूने मोठी स्पर्धा मारली, की त्याला वृत्तपत्रांकडून आणि दूरचित्रवाणीकडून मिळणारी दाद तीन गोष्टींवरून जोखता येते. विजयाला किती जागा मिळाली, ही पहिली आणि सर्वांत ढोबळ गोष्ट. विजयाचे श्रेय कुणाला दिले गेले, ही दुसरी. जिंकणाऱ्याच्या खेळाने सामना जिंकला असे लिहिले गेले, की बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने तो हातचा घालवला असे? तिसरी गोष्ट काळाची. दहा-वीस वर्षांनी तोच खेळ पुन्हा बातमीत आला, तेव्हा जुन्या विजेत्याचे नाव घेतले गेले का? पहिल्या कसोटीला उतरणारे विजय पुष्कळ आहेत, तिसरीला उतरणारे थोडे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या क्रीडा इतिहासात तिन्हींची उदाहरणे सापडतात, आणि त्यांतले सर्वांत मोठे १९५२ च्या जुलै महिन्यातले आहे.

त्या वेळी हे दोन जिल्हे आजच्या नावांनी ओळखले जात नव्हते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले होते. सातारा आणि सांगली ही नावे १९६० मध्ये आली. खंडाळा तालुक्यातल्या खंबाटकी घाटापासून दक्षिणेला वारणेच्या काठापर्यंत या मुलखाचा खेळ म्हणजे कुस्ती. सुगी संपली की गावोगावच्या जत्रांत फड भरत, हलगी कडाडत असे आणि विजयी मल्लाला फेटा बांधून रोख इनाम दिले जाई. कुठल्या फडात कुणी कुणाला कोणत्या डावावर चीत केले, ही बातमी छापून येण्याआधी चार गावांना ठाऊक झालेली असे.

राष्ट्रीय वृत्तपत्रांतली खेळांची जागा मात्र वेगळ्या हिशेबाने भरली जाई. १९५२ साली तिथे दोन खेळांचे राज्य होते. पहिला क्रिकेट. योगायोग असा, की भारतीय संघाचा तेव्हाचा कर्णधार सांगलीत जन्मलेला होता. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून पहिलावहिला कसोटी विजय मिळवला. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले. पण उन्हाळ्यात तोच संघ इंग्लंडला गेला आणि पार कोलमडला. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला भारताची अवस्था ४ बाद ० अशी झाली. १९ जुलैला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एकाच दिवसात भारताचे दोन्ही डाव आटोपले, पहिला ५८ धावांत आणि दुसरा ८२ धावांत. फ्रेड ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत ८ गडी टिपले. त्याच १९ जुलैला फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात ऑलिंपिकचे उद्घाटन झाले.

दुसरा खेळ हॉकी. १९२८ पासून भारताने एकही ऑलिंपिक सुवर्ण सोडले नव्हते, आणि हेलसिंकीत पाचव्या सलग सुवर्णाची खात्री धरूनच सगळे बसले होते. पेल्यांतल्या वादळांपेक्षा मोठे असे काही घडले नाही, तर ऑलिंपिकची भारतीय बातमी म्हणजे हॉकीची बातमी, हे ठरलेलेच होते. परदेशातला मजकूर तेव्हा वृत्तसंस्थांच्या तारांवरून येई. दूरचित्रवाणी देशात आलेलीच नव्हती. दिल्लीत तिचे प्रायोगिक प्रक्षेपण १९५९ मध्ये सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तारेतला प्रत्येक शब्द पैशांत मोजला जात असल्याने ज्या खेळाकडून काही अपेक्षा नाही, त्याच्या वाट्याला निकालाच्या एक-दोन ओळी येणार हे उघड होते.

अशा वेळी कराडजवळच्या गोळेश्वर गावचा खाशाबा दादासाहेब जाधव हा मल्ल हेलसिंकीत उतरला होता. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे तालमीची माती लहानपणीच अंगाला लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. अंगाने लहानखुरा, पण विलक्षण चपळ. ढाक हा त्याचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला पाठीवरून फेकण्याची ही करामत दिसायला जितकी सोपी, तितकीच वेळेचा अचूक अंदाज मागणारी आहे. पुढे ‘पॉकेट डायनॅमो’ हे बिरुद त्याला चिकटले ते याच चपळाईमुळे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तोपर्यंत त्याने लाल मातीवर कुस्ती केली होती, गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्याला नवे होते. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्याला तयार केले. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्याने हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून तो हरला आणि सहावा आला. पहिल्याच खेपेला, अनोळखी गादीवर, जगात सहावा क्रमांक. या कामगिरीचे मोल कुस्ती जाणणाऱ्यांनी ओळखले. पण पदक नाही म्हटल्यावर देशाच्या वृत्तपत्रांत टिकून राहण्याइतकी ती बातमी नव्हती. लंडनला हॉकी संघाने यजमान ब्रिटनला अंतिम सामन्यात ४-० असे हरवले होते. स्वातंत्र्यानंतर अवघ्या एका वर्षात, त्यांच्याच राजधानीत मिळालेल्या या विजयापुढे दुसरे काही उरणे अवघडच होते.

हेलसिंकीची वाट अधिक खडतर निघाली. निवडीतच अन्याय झाल्याची भावना होती. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितल्यावर पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती खाशाबाने चीतपट जिंकली, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनी दिली आहे. निवड झाल्यावर प्रश्न उभा राहिला पैशांचा. सरकारकडून वेळेवर मदत मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूसाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकावे, ही गोष्ट आज कौतुकाने सांगितली जाते. त्या काळी ती चार माणसांतच राहिली. खेळाडूच्या मागे कोण उभे आहे याचा शोध घेणारी क्रीडा पत्रकारिता तेव्हा रुजलेली नव्हती.

खाशाबा या वेळी ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरला होता. कॅनडाचा अॅड्रियन पोलिक्वीन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ अशा तिघांना हरवून तो अखेरच्या टप्प्यात पोहोचला. तिथे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव समोर होते. एक दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच त्याला दुसरीसाठी बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. दोन्ही लढती त्याने गमावल्या. इशीला सुवर्ण, मामादबेयोवला रौप्य आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबाला कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळवलेल्या दोन रौप्यपदकांनंतर भारताच्या नावावर लागलेले हे पहिलेच वैयक्तिक पदक होते.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, हॉकीचा अंतिम सामना झाला. भारताने नेदरलँड्सला ६-१ ने हरवले आणि त्यांतले ५ गोल बलबीरसिंग यांनी केले. देशाने जे धरून ठेवले होते ते मोठ्या दिमाखात घडले, आणि राष्ट्रीय कौतुकाचा सगळा ओघ तिकडे वळला. यात हॉकीपटूंचा काही दोष नाही. त्यांचा खेळ त्या कौतुकाला सर्वथा पात्र होता. दोष मोजमापाचा होता. सुवर्ण आणि कांस्य ही दोन पदके धातूच्या किमतीने मोजली गेली. सलग पाचव्यांदा जिंकणारा संघ आणि पदराला पैसा नसताना, प्रशिक्षकाशिवाय, तिसरा आलेला मल्ल यांच्यामागच्या वाटा मोजल्याच गेल्या नाहीत. शिवाय कुस्तीतले गुणदान समजावून सांगणे अवघड होते. तेव्हाच्या पद्धतीत प्रत्येक लढतीच्या निकालानुसार मल्लाच्या खात्यावर दोषगुण चढत आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो स्पर्धेबाहेर पडे. उपांत्य आणि अंतिम अशी साधी उतरंड नसल्याने खाशाबा नेमका कुणाला हरवून तिसरा आला, हेही सामान्य वाचकाला चटकन कळण्यासारखे नव्हते.

याच स्पर्धेत आणखी एक नाव आहे, आणि त्याची गोष्ट याहून बोलकी आहे. कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. पदक एका पायरीने हुकले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दहा वर्षांत ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवणारा मल्ल आज कुस्तीच्या अभ्यासकांपलीकडे क्वचितच कुणाला माहीत असतो. १९६० साली रोममध्ये ४०० मीटर शर्यतीत चौथे आलेले मिल्खा सिंग आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथ्या आलेल्या पी. टी. उषा यांच्या हुकलेल्या पदकांवर देशाने अक्षरशः पिढ्यान्‌पिढ्या हळहळ व्यक्त केली. ती हळहळ हाही सन्मानच असतो. माणगावे यांच्या वाट्याला तो आला नाही.

खाशाबाची दाद घेतली ती त्याच्या मुलखाने. कराड रेल्वे स्थानकावर तो उतरला तेव्हा गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतून शंभराहून अधिक बैलगाड्या त्याला आणायला आल्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके यांच्या गजरात मिरवणूक निघाली आणि एरवी पाव तासात संपणाऱ्या वाटेला तब्बल सात तास लागले. जत्रेच्या फडात जिंकलेल्या मल्लाला डोक्यावर घेण्याची या भागाची जुनी रीत होती, तीच रीत लोकांनी ऑलिंपिकच्या पदकाला लावली. नंतर खाशाबाने कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडायला हातभार लावला.

पुढची तीस वर्षे मात्र शांततेची गेली. १९५५ मध्ये तो पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाला आणि बढतीसाठी त्याला दीर्घकाळ थांबावे लागले. हेलसिंकीच्या हॉकी संघातल्या बलबीरसिंग यांना १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. खाशाबाला हयातीत पद्म पुरस्कार मिळाला नाही, अर्जुन पुरस्कारही नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान त्याला मिळाला, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्याचे निधन झाले.

राष्ट्रीय वृत्तपत्रांना खाशाबा पुन्हा सापडला तो दुसऱ्याच एका खेळाडूमुळे. ऑगस्ट १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला हरवून टेनिसचे कांस्य मिळवले. हे पदक किती वर्षांनी आले, असा प्रश्न साहजिकच निघाला आणि उत्तर आले: चव्वेचाळीस. त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, याचा शोध घेताना गोळेश्वरचे नाव छापखान्यांत पोहोचले. तोपर्यंत दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या होत्या आणि पदकांच्या दुष्काळाची चर्चा घरोघरी चालू होती. म्हणजे खाशाबाच्या कर्तृत्वापेक्षा पदकांच्या दुष्काळाची लांबी मोजण्यासाठी त्याची आठवण काढली गेली. तरीही आठवण निघाली, हे महत्त्वाचे. त्याच्या निधनानंतर दीड दशक उलटून गेल्यावर मरणोत्तर अर्जुन पुरस्कार दिला गेला, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांत कुस्तीच्या स्टेडियमला त्याचे नाव मिळाले, आणि त्याचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मधल्या दीर्घ काळात त्याचे नाव जिवंत ठेवले ते कराड-कोल्हापूरच्या तालमींनी, मराठी चरित्रकारांनी आणि जिल्ह्याच्या पानांवर दर वर्षी आठवण छापणाऱ्या स्थानिक पत्रांनी. राष्ट्रीय वृत्तपत्रांना १९९६ मध्ये जे आयते मिळाले, ते या लोकांनी जपलेले होते, आणि याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही.

अनपेक्षित विजेत्याला ताबडतोब आणि पूर्ण दाद मिळाल्याचे उदाहरणही भारताकडेच आहे. १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकापूर्वी भारताने आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. ‘विस्डेन क्रिकेट मंथली’ या इंग्लिश मासिकाचे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी अशा दुबळ्या संघांनी स्पर्धेतून बाहेर पडावे, अशा आशयाचे लिहिले. त्यानंतर भारताने पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडिजला ३४ धावांनी हरवले. मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, जिथे १९५२ मध्ये एका दिवसात दोन डाव संपले होते. तिथेच उपांत्य सामन्यात इंग्लंडचा ६ गडी राखून पराभव झाला आणि संदीप पाटील यांनी नाबाद ५१ धावा फटकावल्या. २५ जूनला लॉर्ड्सवर १८३ धावांचा बचाव करून भारताने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवले. एका वाचकाने पत्र लिहून फ्रिथ यांना आपले शब्द गिळायला सांगितले, आणि त्यांनी खरोखरच आपल्या लेखाचा कागद तोंडात घालून छायाचित्र काढून घेतले व ते मासिकात छापले. आपला अंदाज चुकला हे छापून मान्य करणे, विजेत्याला यापेक्षा मोठी दाद संपादक देऊ शकत नाही.

भारतातही त्या विजयाने वृत्तपत्रांचे क्रीडापान कायमचे बदलले. क्रिकेट नियामक मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते, तेव्हा लता मंगेशकर यांनी दिल्लीत कार्यक्रम करून निधी उभा केला. बालपणीचा काही काळ सांगलीत घालवलेल्या या गायिकेच्या एका मैफलीमुळे प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. १९५२ च्या गहाण पडलेल्या घराशी तुलना केली, की प्रसिद्धीचा पैशाशी किती जवळचा संबंध असतो ते दिसते. विजय दूरचित्रवाणीवर दिसला होता, म्हणून त्यासाठी पैसा उभा राहिला.

श्रेय कुणाचे, या दुसऱ्या कसोटीचा अभ्यास करायचा तर बास्केटबॉलचे एक अमेरिकी उदाहरण फार उपयोगी आहे. २००४ च्या एनबीए अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्ससमोर डेट्रॉइट पिस्टन्स उभे ठाकले. लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चार नामांकित खेळाडू आणि फिल जॅक्सनसारखा प्रशिक्षक होता. पिस्टन्सचा आधारस्तंभ बेन वॉलेस याला १९९६ च्या निवड प्रक्रियेत एकाही संघाने घेतले नव्हते, आणि चॉन्सी बिलप्स बऱ्याच संघांतून फिरत डेट्रॉइटला आला होता. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी या मंडळींकडून बचावाचा असा खेळ करून घेतला, की तिसऱ्या सामन्यात लेकर्स अवघ्या ६८ गुणांवर अडकले. १५ जूनला पाचवा सामना १००-८७ असा जिंकून पिस्टन्सनी मालिका ४-१ ने खिशात घातली. एकही मोठा तारा नसताना, पाच जणांनी एकत्र बचाव करून मिळवलेले हे अजिंक्यपद होते.

आणि तरी पुढच्या काही आठवड्यांत बातम्यांचा रोख लेकर्सकडेच राहिला. जॅक्सन गेले, जुलैमध्ये ओनील मायामीला गेला, मोठा संघ फुटला. संघ कसा फुटला हे सांगण्यात जो रस होता, तो संघ कसा हरवला गेला हे समजून घेण्यात नव्हता. पिस्टन्स दुसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचले आणि सॅन अँटोनिओकडून ४-३ असे हरले, तेव्हा २००४ चा विजय अपघात नव्हता हे मान्य करणे भाग पडले. वॉलेसला बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात स्थान मिळाले २०२१ मध्ये, बिलप्सला २०२४ मध्ये. बचाव करणाऱ्यांना दाद उशिराच मिळते, कारण बचावाचे छायाचित्र निघत नाही. टोपलीत चेंडू टाकणारा हात दिसतो, समोरच्याला टोपलीपर्यंत पोहोचूच न देणारी पावले दिसत नाहीत.

भारतात बास्केटबॉलला ही दुसरी कसोटीसुद्धा गाठता येत नाही, कारण तो पहिल्या कसोटीलाच अडतो. मुंबईच्या नागपाड्यात आणि पुण्या-नागपुरात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. नागपाड्याचे अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते ठरले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला, आणि त्यानंतर आजवर एकदाही नाही. अशा खेळात जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला एक विजय मिळाला. २३ ते २९ जुलै या काळात महिलांच्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे, केवळ दोन गुणांनी हरवले आणि ‘अ’ गटात बढती मिळवली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. ती पुढे भारताची कर्णधारही झाली.

स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, २३ जुलैला, लॉर्ड्सवर महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत इंग्लंडकडून ९ धावांनी हरला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती आणि स्पर्धेच्या सुरुवातीच्या सामन्यांत तिने ९० आणि नाबाद १०६ धावा केल्या होत्या. त्या आठवडाभर देशात चर्चा होती ती लॉर्ड्सच्या पराभवाची. संघ परतल्यावर झालेले स्वागत, बक्षिसे, मुलाखती यांनी महिला क्रिकेटचा काळ बदलला आणि ते चांगलेच झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्याची पायाभरणी त्या लक्षामुळेच झाली. पण त्याच आठवड्यात, त्याच देशाच्या मुलींनी, आपल्याच भूमीवर जिंकलेली स्पर्धा त्या गर्दीत झाकली गेली. एका खेळातला पराभव दुसऱ्या खेळातल्या विजेतेपदापेक्षा मोठी बातमी ठरला.

सांघिक विजयाची उपेक्षा कधीकधी स्वतःच बातमी होते आणि मग न्याय मिळतो. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. भारताने अंतिम सामन्यात इराणला २५-१९ असे हरवले. विश्वविजेत्या मुली चषक घेऊन रिक्षा शोधत असल्याची दृश्ये प्रसारमाध्यमांत आली आणि देशभर संताप उसळला. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. राज्य सरकारने त्या तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. खेळाचे वर्णन नाही, पकडींचे आणि चढायांचे विश्लेषण नाही, पण एका रिक्षाच्या दृश्याने काम केले. हा मार्ग खेळाडूंच्या भल्याचा असला तरी पत्रकारितेच्या भल्याचा नाही, कारण त्यात खेळाडू जिंकलेली म्हणून कमी आणि बिचारी म्हणून अधिक दिसते.

साताऱ्याच्या अलीकडच्या खेळाडूंना या बाबतीत बरे दिवस आले आहेत, तरी सरसकट नव्हे. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत ती दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमधल्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिलीच भारतीय महिला. चर्चा पदकविजेत्या सिंधू आणि साक्षी यांच्याभोवती फिरत राहिली, आणि दुष्काळी माणदेशातून येऊन जगातल्या पहिल्या दहांत धावण्याचे मोल प्रामुख्याने मराठी पत्रांनीच ओळखले.

अदिती स्वामी या साताऱ्याच्या तिरंदाज मुलीच्या बाबतीत चित्र पालटले. उसाच्या शेतात उभारलेल्या मैदानावर प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे तिने सराव केला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत तिने आधी ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासह सांघिक सुवर्ण मिळवले. मेक्सिकोला २३५-२२९ असे हरवून मिळालेले ते तिरंदाजीतले भारताचे पहिले जागतिक सुवर्ण होते. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला, अवघ्या सतराव्या वर्षी तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असे हरवून वैयक्तिक विजेतेपदही जिंकले. नागपूरचा ओजस देवतळे त्याच दिवशी पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. या वेळी बातमी निकालाच्या ओळींवर थांबली नाही. दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास गुण म्हणजे पंधरा बाणांतला केवळ एक बाण मधल्या वर्तुळाबाहेर, हे वाचकांना आकृत्यांसह समजावून सांगितले गेले, शेतातला सराव दाखवला गेला, प्रशिक्षकाचे नाव छापले गेले. त्यानंतर पाच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, अदिती आणि ओजस या दोघांनाही राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कार देण्यात आला.